सविता हलप्पनवर यांची आठवण आणि नवऱ्याची सही

ऑक्टोबर आला की मला सविता हलप्पनवर यांची आठवण येते. माझी आणि त्यांची ओळख नव्हती. त्या कन्नड घरातल्या, मी मराठी शाळेत शिक्षिका म्हणून काम केलेली बाई. आमच्या बेळगावात एका गल्लीत राहूनही ही दोन जगे पुष्कळदा एकमेकांना टाळून चालतात. पण त्या आमच्याच गावच्या लेक होत्या. दंतवैद्य झाल्या, लग्नानंतर आयर्लंडला गेल्या आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी, गॉलवे शहरातल्या एका रुग्णालयात वारल्या. ती बातमी वाचल्यावर मला घरातलेच कोणी गेल्यासारखे झाले होते.

काय झाले होते ते नव्या पिढीला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून लिहिते. सविता १७ आठवड्यांच्या गरोदर होत्या. २१ ऑक्टोबरला त्या दुखतेय म्हणून रुग्णालयात गेल्या. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळून चुकले होते. तेव्हा, तो वाचणारच नसेल तर मला मोकळे करा, अशी विनंती त्यांनी केली. परंतु गर्भाचे ठोके चालू होते, आणि १९८३ च्या घटनादुरुस्तीने आयर्लंडमध्ये गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क दिलेला होता. त्यामुळे ठोके थांबेपर्यंत वाट पाहिली गेली. तोवर जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. हा कॅथलिक देश आहे, असे त्यांना सांगितले गेले. ते शब्द आपण बोललो हे तिथल्या परिचारिकेने नंतरच्या चौकशीत मान्य केले.

त्या खाटेवरच्या बाईला ना धर्म बदलायचा होता, ना देशाचा कायदा. तिला ताप होता, थंडी वाजत होती आणि तिला घरी यायचे होते. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द केली. त्याआधी सवितांच्या आईवडिलांनी इथूनच तिथल्या लोकांना तसे आवाहन केले होते. आपली लेक गेल्यावर परक्या देशातल्या लेकींसाठी बोलणारे आईबाप आमच्या गावात आहेत, याचा मला अभिमान वाटतो आणि वाईटही वाटते.

त्यामुळे अमेरिकेत जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ पन्नास वर्षांचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला, त्याचे स्वागत करणाऱ्या मराठी पोस्ट वाचताना मला राहवले नाही. आपल्याकडेही असाच कडक कायदा हवा, असे लिहिणारे त्यांत होते. कायदा कडक झाला म्हणून गर्भपात थांबत नाहीत. डॉक्टर आधी बाईकडे पाहायचा, तो आधी कलमाकडे पाहू लागतो, इतकाच फरक पडतो. आणि त्या मधल्या वेळात बाई मरते. सविता अशाच गेल्या.

आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा १९७१ चा कायदा आहे, म्हणून आपण सुधारलेले, असे समजण्यातही अर्थ नाही. स्वतःचा गर्भ पाडणारी बाई ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेत गुन्हेगार होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये ती आजही आहे. १९७१ च्या कायद्याने त्या गुन्ह्यातून काही वाटा काढून दिल्या, आणि त्या वाटांवरही अखेरचा शब्द डॉक्टरच्या मताचा असतो, बाईच्या इच्छेचा नव्हे. २०२१ मध्ये मुदत वाढवून काही ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत नेली, 'पती' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही तीच मुदत दिली. हे सगळे चांगलेच झाले. पण कागदावर जे मिळाले, ते दवाखान्याच्या खिडकीवर मिळत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी एक बाई होती. दोन मुले, नवरा गोव्यात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. जेमतेम आठ आठवडे झाले होते, म्हणजे गोळ्यांवर काम झाले असते. ती दवाखान्यात एकटी गेली आणि दुपारी शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सोनोग्राफीचा कागद आणि आधार कार्डाची झेरॉक्स. मला म्हणाली, "बाई, नवऱ्याची सही घेऊन या म्हणालेत. ते यायला अजून दोन आठवडे हाईत. मी काय करू मग?"

मलाही तेव्हा कायदा ठाऊक नव्हता, याची मला आजही लाज वाटते. सज्ञान बाईच्या स्वतःच्या संमतीखेरीज आणखी कोणाचीही संमती लागत नाही, असे त्याच १९७१ च्या कायद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे. नवऱ्याची नाही, सासूची नाही. ते मला माहीत असते तर मी तिच्याबरोबर उठून गेले असते. तसे झाले नाही. नवरा आला, सही झाली, तोवर गोळ्यांची मुदत उलटून गेली होती आणि तिची गर्भाची पिशवी दवाखान्यात धुवावी लागली. त्यानंतर आठवडाभर ती चुलीसमोर उभी राहू शकत नव्हती, आणि तेवढ्या दिवसांचा तिचा पगारही कापला गेला.

इथे हमखास विचारले जाते की गर्भपात सोपा केला तर मुलींचे काय होईल. प्रश्न खोटा नाही, आणि सीमाभागातल्या माणसाने तर तो झटकून टाकूच नये. आमच्या कागवाडपासून हाकेच्या अंतरावरच्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये, एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर पोलिसांनी तपास केला तेव्हा पुरलेले १९ भ्रूण सापडले. जून २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मुडलगीत बाटल्यांत भरून टाकलेले सात भ्रूण मिळाले. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. पण गुन्हा लिंगनिदानाचा आहे, आणि त्यासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे. तो नीट राबवा. मुलगी नको म्हणून जिला दवाखान्यात नेतात, तिलाही कोणी विचारलेले नसते. पाड म्हणून दटावणारे घर आणि पाडू नको म्हणून दटावणारा कायदा, दोघांनाही तिचे मत नको असते. १९७१ आणि १९९४ च्या या दोन कायद्यांची गल्लत झाल्यामुळे मेडिकलवाले गोळ्या ठेवायला घाबरतात, चांगले डॉक्टर नको ती कटकट म्हणून नकार देतात, आणि बाई म्हैसाळसारख्याच एखाद्या जागी पोचते.

मूल हवे की नको हे बाईने ठरवावे, हे विचार पाश्चात्त्यांकडून आले, असेही म्हणतात. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये उघडले, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी दवाखान्यात ती सोय केली. १९३८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला आणि तो नामंजूर झाला. ज्या दोन राज्यांमध्ये आपण सत्तर वर्षे ओढले जात आहोत, त्या दोन्हींकडे हा विचार आपल्या आजीच्या काळापासून आहे.

ती शाळेतली बाई आता गोव्यातच राहते. तिच्यानंतर मी बाईच्या संमतीच्या त्या कलमाचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये एका कागदावर लिहवून घेतला आणि त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात कोणाला लागल्या, तर मला निरोप करा. दवाखान्यात सोबत कोणी नसेल तर मी येईन. सकाळी दहानंतर मी मोकळी असते.