काडेपेटीतला राजपुत्र

आईला दिवाळीत स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. त्यावर तिने पहिल्याच आठवड्यात हौसेने काय लावलं असेल, तर रात्री साडेनऊला कॉम्प्युटरवर खेळ खेळणारा आपला ४६ वर्षांचा मुलगा. लगेच फोन आला. "आवाज छान येतोय रे. पण ते खिरीतून कोण पळतंय?"

खिरीतून पळणारा इसम म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या कॉम्प्युटर खेळाचा राजपुत्र. आमच्या पिढीत ज्यांनी साताऱ्यासारख्या गावात कॉम्प्युटर क्लास लावला, त्यांना तो नुसता 'प्रिन्स' म्हणून ठाऊक. चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत शिरायचं, पाऊण तास 'बेसिक' गिरवायचं, आणि सरांचा मूड असला तर शेवटची पंधरा मिनिटं प्रिन्स. मशीन एक, पोरं चार. एकजण बाणांच्या बटणांवर, एकजण शिफ्टवर, उरलेले दोघे सल्ल्यावर. मी दोन वर्षं सल्ल्यावर होतो. "हळू, हळू! अरे पुढे सुळे!" एवढंच माझं त्या खेळातलं कर्तृत्व. (सुळे म्हणजे जमिनीतून अचानक वर येणारे भाले.) म्हणून आता, मुलगी होस्टेलला गेल्यावर आणि चष्म्याचा नंबर दोनवर पोचल्यावर, हा खेळ एकट्याने खेळायचा आणि साऱ्या जगाला यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचा असं मी ठरवलं. जग म्हणजे पाच जण. आई, बहीण, शेजारच्या खोलीतून बायको, दुबईचा एक शाळासोबती, आणि पाचवा मीच, मोबाइलवर. कसं दिसतंय ते बघायला.

हे "कसं दिसतंय" फार वाईट. एकदा डोक्यात शिरलं की खेळ राहतो बाजूला.

सूत्रं भाच्याच्या हाती गेली. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला अजून सगळं येतं. "मामा, तू राजपुत्राला जाड केलायस," हे त्याचं पहिलं निदान. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं. त्या काळच्या चौकोनी मॉनिटरवर ते ४:३ प्रमाणात दिसायचं, म्हणजे एकेक ठिपका रुंदीपेक्षा जरा उंच. मी ते आजच्या लांबट पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवलं होतं. तासाभरात राजकन्या सोडवायची म्हणून उपाशी पळणारा माणूस पंगतीतून उठल्यासारखा दिसत होता. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या, तसा तो सडपातळ झाला. बायको बघत होती. म्हणाली, "अहो, तुमच्यासाठी नाही का असं काही?"

खीर मात्र तशीच. ती बिटरेटची. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची, त्याचा शिधा. मी २५०० किलोबिटवर भागवत होतो. आता प्रिन्समध्ये पडदा सरकत नाही. राजपुत्र कडेला पोचला की अख्खी खोली फटकन बदलते. एरवी त्या तळघरात हलतं काय, तर तो आणि भिंतीवरच्या मशाली. चित्र आवळून पाठवणारा एन्कोडर निवांत असतो. खोली बदलली की एकदम शंभर पाव्हणे दारात. असेल तेवढ्या शिध्यात तो सगळ्यांना वाढायला जातो आणि अर्धा सेकंद पडद्यावर नुसता उपमा. त्यातून विटा आणि खांब वर येईपर्यंत राजपुत्र पुढच्या खोलीत, आणि पुन्हा उपमा.

शिधा वाढवायचा तर अपलोड हवं. आमच्या योजनेत ते भरपूर आहे, पण राउटर देवघरापाशी आणि मी मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि फ्रिज. शेवटी पंधरा मीटर लॅनची वायर हॉलमधून, सोफ्याच्या मागून आणली. सकाळी केर काढताना मावशी ती उपटून नीट गुंडाळून ठेवतात, आणि रात्री मी अर्धा तास ड्रायव्हर अपडेट करत बसतो. ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या प्रोग्राममध्ये फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, गळण्याचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात: एक नेट कमी पडल्याचा, एक एन्कोडर मागे पडल्याचा, एक ग्राफिक्स कार्ड दमल्याचा. मी तिन्हींवर पंखा पाचवर करायचो.

मध्यंतरी आम्ही सेकंदाला ६० फ्रेम्सवर गेलो. भाच्याच्या मते आजकाल त्याखाली कोणी बघतच नाही. मग कळलं, की प्रिन्स सेकंदाला साधारण १२ वेळाच हलतो. म्हणजे एकेक चित्र आम्ही पाच-पाच वेळा इमानेइतबारे पाठवत होतो. गुपचूप ३० वर आलो. प्रत्येक फ्रेमच्या ताटात, कागदावर तरी, दुप्पट पडू लागलं.

खरं तर या राजपुत्राचा जन्मच खराब व्हिडिओतून झालाय. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ साली धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि ते व्हीएचएस टेपवर घेतलं. मग टेप थांबवून थांबवून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढले, फोटोंवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृती मोकळी केली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या, आणि त्या कॅमेऱ्याने अ‍ॅपल टू मध्ये उतरवल्या. १९८९ साली खेळ बाजारात आला. टेप, टीव्ही, फोटो, मार्कर, झेरॉक्स, कॅमेरा, एवढ्या चाळण्यांतून आलेल्या त्या पोराची कड धारदार दिसावी म्हणून मी महिनाभर जेवण गार करून खात होतो.

जुना मॉनिटर आठवावा म्हणून चित्रावर आडव्या काळ्या रेघा टाकण्याचीही सोय असते. मी टाकल्या. मला गहिवरून आलं. आईच्या टीव्हीवर रेघा चित्राच्या आकाराशी भांडल्या आणि लाटा उठल्या. बहिणीने मोबाइलवर पाहिलं आणि तुरुंग म्हणून गज लावलेत असं धरून चालली. शिवाय त्या बारीक रेघा शिध्यातला बराच भाग स्वतःच खातात. काढल्या.

शेवटचं दुखणं लाल रंगाचं. राजपुत्राचा जीव खाली डाव्या कोपऱ्यात छोट्या लाल त्रिकोणांनी मोजतात. ते आमच्याकडे कपाळावर हात फिरलेल्या कुंकवासारखे दिसायचे. भाच्याने मान हलवत सांगितलं: व्हिडिओत उजेड एकेका ठिपक्याचा जातो, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. ठिपका बारीक असला की रंग शेजाऱ्याच्या अंगणात सांडतो. म्हणून चित्र पाठवण्याआधीच मोठं करायचं, आणि पूर्ण पटीत. आडवं पाचपट, उभं सहापट: १६०० बाय १२००. प्रमाण बरोब्बर ४:३. हे मावायला कॅनव्हास २५६० बाय १४४० चा. तेवढं मोठं पाठवलं की यूट्यूब पुढे बघणाऱ्याला देतानाही जास्त चांगलं कोडेक, म्हणजे चित्र आवळायची पद्धत, वापरतं, हा वरचा फायदा. एवढं करून चित्र तरी मऊच, कारण मोठं करण्याचा फिल्टर मी निवडला होता: लँक्झॉस. यादीतलं सगळ्यात भारदस्त नाव म्हणून. राजपुत्राला लागत होता तो 'पॉइंट', जो काहीच हुशारी करत नाही. एका ठिपक्याचे तीस ठिपके करतो आणि गप्प बसतो.

फक्त एक अट होती. माझ्याकडे डॉसबॉक्सची (जुने खेळ नव्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम) खिडकी मूळ मापातच ठेवायची, ३२० बाय २००, चित्र मोठं करणारा कसलाही स्केलर नाही. मोठी केली की आधी तिथेच कालवाकालव. आमच्या लॅपटॉपवर ३२० ठिपके म्हणजे काडेपेटी. तिच्यात बारा लेव्हल. राजपुत्र तांदळाच्या दाण्याएवढा.

"मोठा प्रीव्ह्यू बघून खेळू का?"

"तो मागे पडतो मामा. तू काडेपेटीत बघ."

त्या शनिवारी ९००० किलोबिटवर लाइव्ह गेलो. वायर जागेवर होती, तिन्ही आकडे शून्य. दुबईहून अंगठा आला. आई फोनच्या स्पीकरवर होती. "अगं बाई, विटा मोजता येतायत! आणि त्याच्या पायात काहीच नाही का रे?" खरंच, राजपुत्र अनवाणी. क्लासमधली दोन वर्षं मला ते दिसलं नव्हतं. मला वाटतं तेव्हा आम्हीही अनवाणीच असल्यामुळे.

मी नाक पडद्याला लावून, चष्मा कपाळावर चढवून खेळत होतो. सुळे बाहेर येण्याआधी जमिनीत फक्त चार ठिपके दिसतात. आईकडे ते वाटाण्याएवढे असणार. माझ्याकडे ते धूळ होते, आणि मी खिडकीवर बोट फिरवून पुसूनही पाहिले. मग पळालो. खच्चकन आवाज झाला. बटण दाबलं, राजपुत्र पुन्हा लेव्हलच्या सुरुवातीला जाऊन उभा राहिला. घोटभर पाणी प्यालो.

साताऱ्यापर्यंत स्ट्रीम पोचायला वीसेक सेकंद लागतात.

"हळू, हळू!" स्पीकरमधून आई एकदम ओरडली. "अरे पुढे सुळे! दिसत नाहीत का तुला?"

तिच्या टीव्हीवर मी अजून जिवंत होतो.

"दिसले, दिसले," मी म्हणालो. "हळूच चालतो."