बैल ओढतात म्हणून न्यूटन चुकला?

दादा, तुमचा आक्षेप इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लिहिलंत, ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग बदलण्याचा दर), हे न्यूटनचं सूत्र पुस्तकात ठीक. आमची कापसाची बैलगाडी एका चालीने जाते. म्हणजे तुमच्या हिशेबाने त्वरण शून्य आणि बलही शून्य. मग बैलांच्या तोंडाला फेस कशाने येतो? भरलेली गाडी जड का जाते? बलाने वेग मिळतो, त्वरण नाही.’

शंका अस्सल आहे. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं साधारण हेच होतं, आणि शतकानुशतकं तेच शिकवलं गेलं.

पण सूत्रातलं बल एकट्या बैलांचं नाही. गाडीवरच्या सगळ्या बलांची बेरीज-वजाबाकी करून जे उरतं, ते. मालासकट गाडी ८०० किलो धरा. बैल ६०० न्यूटनने (न्यूटन हे बलाचं एकक) पुढे ओढतायत. रस्ता, चाकं, आस मिळून ६०० न्यूटनने मागे खेचतायत. उरलं शून्य, म्हणून चाल कायम. फेस येतो तो त्या मागच्या ६०० पायी. निघताना मात्र बैल मान खाली घालून १००० न्यूटन लावतात. उरले ४००, भागिले ८००. त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन सेकंदांत गाडी माणसाच्या सावकाश चालीला येते.

आता पावसात रस्त्याची काळी माती चिकट झाली की बघा. तेच बैल, तोच माल, तीच चाल, पण जोर कितीतरी जास्त लागतो. बल वेगावरच ठरत असतं, तर रस्ता बदलल्याने बैलांना काय फरक पडला असता?

‘भरलेली गाडी जड का जाते’ याची कारणं दोन आहेत, तुम्ही ती एकात घातलीत. वजन वाढलं की घर्षण वाढतं, ते वाटभर जाणवतं. वस्तुमान वाढलं की तेवढ्याच उरलेल्या बलात त्वरण कमी मिळतं. हे फक्त निघताना आणि थांबताना. दोन्ही सुटी करून पाहायची तर भुसावळकडे येणारी मालगाडी बघा. पोलादी चाक पोलादी रुळावर, घर्षण अगदी थोडं. ड्रायव्हरने इंजिनाची ताकद बंद केली तरी हजारो टनांची ती गाडी लांबवर धावत राहते. ओढणारं कोणी नाही, वेग मात्र आहे.

यानेही समाधान झालं नसेल, तर कन्नडचा घाट उतरून पूर्वी चाळीसगावकडे यायचा तो भरलेला ट्रक आठवा. वेग पुढे, तोही एकसारखा. पण ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये इंजिनाने आणि ब्रेकने गाडी मागे धरून असतो, कारण उतार तिला तेवढ्याच बलाने पुढे रेटतोय. बलाने वेग मिळतो म्हणता, तर मागे लावलेल्या त्या जोराने ट्रक कन्नडकडे का जात नाही, तेवढं सांगा.