पेटी विकणे आहे

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घराचं माप घेऊन आल्यावर यांनी जाहीर केलं, "पेटी नाहीतर शिलाई मशीन. दोन्हीला जागा नाही." मशीनवर निदान परकर शिवून होतात. पेटीवर, म्हणजे माझ्या हार्मोनियमवर, अलीकडे फक्त इस्त्रीचे कपडे बसायचे. निकाल उघड होता.

मी जाहिरात टाकली : 'डबल रीड, कपलरवाली, भाता मजबूत, आवाज गोड.' 'गृहकृत्यदक्ष' तेवढं लिहायचं राहिलं. लगेच मेसेज आला, "लास्ट किती?" फर्स्ट किती ते मी अजून सांगितलंही नव्हतं. एका ताईंनी विचारलं, "हिला हेडफोन लागतो का? मुलाची बारावी आहे." एका गृहस्थांना ती हॉटेलात शोभेला ठेवायची होती, ते म्हणाले, "वाजत नसेल तर कमी कराल ना?" वाजते म्हटल्यावर त्यांचा आवाजच पडला.

बाजाच्या नशिबी हे नवं नाही म्हणा. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारं बंद केली, ती उघडायला १९७१ उजाडलं. आरोप काय, तर हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आता नसते निघत. पण गोविंदराव पटवर्धनांची पेटी ऐकताना कोणाला मींड आठवते?

गिऱ्हाइकांची वाट बघता बघता रात्री कानात हेडफोन घालून अल्बम ऐकायचा नाद लागला. सुरुवात साजूक होती : सरोदिये अली अकबर खाँसाहेबांची १९५५ची अमेरिकेतली एलपी. पिलू आणि सिंधुभैरवी, तबल्यावर चतुरलाल. आधी खुद्द व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन इंग्रजीतून सगळ्यांची ओळख करून देतात. आपल्या संगीताची ही पहिलीच एलपी म्हणतात, म्हणजे सूत्रसंचालक तेव्हापासूनच चिकटलाय. मग खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खाँ शोधायला गेले आणि हाती काय लागलं? 'डिस्को जॅझ'! १९८२ साल, कोलकात्याची रूपा बिस्वास गातेय, रेकॉर्डिंग कॅनडातल्या कॅलगरीत, आणि त्या डिस्कोत सरोद. तेव्हा ती तबकडी कोणी घेतली नाही. रूपाबाई घरी परतल्या, संसाराला लागल्या. पुढे मुलाला इंटरनेटवर कळलं की आईच्या जुन्या तबकडीला लोक शेकडो डॉलर मोजतात.

त्याच वर्षीचे मुंबईचे चरणजित सिंग तर आणखी वरताण. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. त्यांनी जपानी सिंथेसायझर यंत्रं आणली आणि दहा राग थेट डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ललित, तोडी, मालकंस, कोणाची गय नाही. तेव्हा कुत्र्यानेही विचारलं नाही. काही वर्षांनी शिकागोत त्याच यंत्राच्या आवाजावर पोरं नाचायला लागली, आणि २०१०मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जाणकारांनी तोंडात बोटं घातली.

मी यांना म्हटलं, "बघा! अठ्ठावीस वर्षं थांबायची तयारी हवी. मग पेटीलाही भाव येईल."

"अठ्ठावीस वर्षांचं भाडं बिल्डर देणार नाही," हे म्हणाले.

शेवटी मुरबाडकडचे एक भजनीबुवा आले. पहिल्यांदाच कोणीतरी किंमत विचारायच्या आधी मांडी घातली. भाता भरून सोडून दिला, हवा कुठे गळते ते ऐकलं, काळी दोनला बोट ठेवलं आणि म्हणाले, "वरचा पंचम चिकटतोय, माउली." पावसाळ्यात होतं तसं, मी म्हटलं. "पावसाळ्यात चिकटतो, पण किमतीत बारा महिने धरावा लागतो," बुवा म्हणाले आणि पाचशे कमी केले. झाकण, गवसणी आणि चहा वर फुकट.

चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "पेटी गेल्यावर मग काय करणार?" मी फोनवर चरणजित सिंगांचा ललित लावला. बुवांनी डोळे मिटले. माझ्या पोटात गोळा.

"पखवाजाला कोण आहे?"

"मशीन आहे, बुवा."

"तरीच. लय पक्की आहे, पण समेवर येऊन मान नाही हलवत." पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मांडीवर मात्र बोटं चालली होती.

पेटी रिक्षात चढवताना मला भरून यायला हवं होतं, पण गवसणीच्या दोऱ्या सोडवण्यातच वेळ गेला. हे तर तेवढ्यात टेप घेऊन मोकळी जागा मोजत होते.

परवा बुवांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पंचम मोकळा झाला, भाता झकास आहे. खाली लिहिलं होतं : 'तो मशिनीचा ललित पाठवून द्या. सप्त्यात काकड्याला पोरं उठत नाहीत, स्पीकरवर लावून बघतो.'