११२ लागतो की नाही, हे ११२ न लावता कळायला हवं

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात टूजीचा वाद परत निघाला. एकजण म्हणतो टूजी बंदच करा, किती वर्षं ओढायचं, दुसरा म्हणतो मग बटणवाला फोन वापरणाऱ्यांनी काय करायचं, आणि तेवढ्यात तिसऱ्याने, ज्याने जुन्या फोनवर लिनिएजओएस (अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर) टाकलंय, लिहिलं की माझ्याकडे सगळं झकास चालतं, थांबा आत्ता ११२, म्हणजे इमर्जन्सीचा नंबर, पण लावून बघतो. मी जेवता जेवता हात पुसून आधी त्याला फोन केला, म्हटलं अरे नको लावूस, पलीकडे खरा माणूस बसलेला असतो, तू कट केलंस तर तो तुला उलटा फोन करणार, आणि तेवढ्या वेळात दुसरं कोणीतरी लाइनवर थांबलेलं असणार.

पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. फोनवर आपण स्वतः सॉफ्टवेअर टाकलं तर इमर्जन्सी कॉल चालतो की नाही हे बघायचं कसं? मी ऑस्ट्रेलियात राहतो आणि माझ्यावर हा प्रश्न खरोखर येऊन आदळला, म्हणून एवढं लिहितोय.

इथे २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस ह्या मोठ्या मोबाइल कंपन्यांचं थ्रीजी बंद व्हायला लागलं. टूजी तर आधीच गेलेलं. इथला इमर्जन्सी नंबर ०००, मोबाइलवरून ११२ पण चालतो. त्या वेळी लक्षात आलं की काही फोन साधा कॉल फोरजीवर व्यवस्थित करतात पण ००० लावला की गुपचूप थ्रीजीवर उतरतात, म्हणजे थ्रीजी गेलं की रोजचं सगळं चालू आणि नेमका जीव वाचवणारा कॉल बंद, आणि हे मालकाला कधी कळणार तर लावायची वेळ आल्यावर. मग नियम आला की असे फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत. ३४९८ वर ३ असा एसएमएस पाठवला की तुमचा फोन चालेल का ते कळायचं. माझ्या ओपन सोर्सवाल्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, फोनवर साधे कॉल फोरजीवर स्वच्छ होत होते, तरी कंपनीचा मेसेज आला की तुमचा फोन बंद होणार. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी एकच उत्तर, मॉडेल आमच्या यादीत नाही. मी विचारलं टेस्ट करून बघता येईल का, तर तशी काही सोयच नाही. माझ्या फोनवरून ००० लागला असता की नाही ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्यांनाही येत नव्हतं.

ग्रुपवर हे सांगितल्यावर अर्धे म्हणाले ही दादागिरी आहे, आपला फोन आपल्या मर्जीने वापरू द्या, अर्धे म्हणाले बरोबरच केलं, ओपन सोर्स धोकादायकच. मला वाटतं ज्या फोनवरून मदत मागता येत नाही तो नेटवर्कवर नको हे बरोबर आहे, कारण तो फोन फक्त माझा नसतो, घरात पोराच्या हाताला तोच लागणार असतो. पण न तपासता यादी बघून नाही म्हणणं मला अजिबात पटत नाही.

साधा कॉल लागतो म्हणजे इमर्जन्सी पण लागेल, असं नसतं, आणि हे लोकांना कळत नाही. फोन आधी बघतो की हा नंबर इमर्जन्सीचा आहे का, त्यासाठी त्याच्याकडे स्वतःची यादी असते, सिमवर एक असते, नेटवर्क पण एक पाठवतं. जुळलं की तो कॉल वेगळ्याच वाटेने जातो, फोरजीवर त्याच्यासाठी वेगळं कनेक्शन उभं राहतं, तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जायचा प्रयत्न होतो. ह्यातलं बरंचसं मोडेमच्या, म्हणजे फोनमधल्या टॉवरशी बोलणाऱ्या चिपच्या, आत होतं आणि मोडेमचा कोड ओपन सोर्स फोनमध्ये पण बंदच असतो. पोस्टमार्केटओएससारख्या लिनक्सवाल्या फोनवर तर कधी कधी कॉल जोडला जातो पण आवाजच पलीकडे पोचत नाही. लोकेशनचं पण तसंच, अँड्रॉइडवर इमर्जन्सीच्या वेळी आपोआप लोकेशन पाठवण्याचं काम गुगल प्ले सर्व्हिसेस करते, ती काढून टाकली की पत्ता तोंडी सांगायची तयारी ठेवा.

आणि फोन बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं ठेवलं की चिंता मिटली, असंही नाही बरं का. २०२१ मध्ये अमेरिकेत एकाच्या पिक्सेल (गुगलच्याच) फोनवरून ९११, तिथला इमर्जन्सी नंबर, लागेना, गुगलने शोधलं तर मायक्रोसॉफ्ट टीम्स इन्स्टॉल केलेलं पण लॉगिन न केलेलं, आणि अँड्रॉइडमधली एक चूक, ह्या दोघांची गाठ पडलेली. अँड्रॉइडचा कोड उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला तो वाचून चूक कुठे असावी हे दाखवता आलं. म्हणूनच ‘ओपन सोर्स धोकादायक’ हे ग्रुपवरचं वाक्य मला मान्य नाही.

तपासणी आज होते ती ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांच्याकडे. सिग्नल बाहेर जाणार नाही अशा पेटीत स्वतःचा छोटा टॉवर उभा करायचा आणि तिथे ११२ लावायचा. सुट्टीच्या दिवशी फुकट कोड लिहिणाऱ्या पोरांनी हे कुठून आणायचं? अमेरिकेत इंटरनेटवरच्या बऱ्याच फोन सेवांवर ९३३ लावलं की मशीन तुमचा नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतं, कोणाला त्रास नाही. इंटरनेटच्या मानकांमध्ये पण टेस्ट कॉलसाठी वेगळी खूण २०१३ पासून लिहून ठेवलेली आहे. मोबाइलला हेच हवंय, इमर्जन्सीच्याच वाटेने जाणारा पण शेवटी मशीनवर पोचणारा नंबर, एका फोनवरून दिवसातून एकदाच चालणारा, म्हणजे कोणी खेळ करणार नाही. त्याची खूण ठरवायला कंपन्या आणि नियामक ह्यांना एकत्र बसावं लागेल, तर बसा ना.

भारतात टूजी अजून आहे, ते एक जाळं आहे खाली, फोरजीवर काही बिनसलं तर फोनला उतरायला जागा मिळते. जिओकडे सुरुवातीपासून टूजी-थ्रीजी नाहीच, म्हणजे त्याच्या ग्राहकाला ही जागा मिळाली तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर. उद्या टूजी गेलं की आमच्याकडे जे झालं ते तिकडे होणार, आणि फोनांची संख्या बघा. २०१६ चा पॅनिक बटणाचा नियम आहे, स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, चांगलाच नियम आहे, पण तो विकताना लागू होतो, नंतर मालकाने सॉफ्टवेअर बदललं की ते बटण राहिलं का हे कोण बघतं? टूजी बंद करायची तारीख ठरवायच्या आधी टेस्ट नंबर चालू करा, निदान सहा महिने, मग लोक स्वतःच बघतील.

त्या मित्राला मी एवढंच करायला सांगितलं, सेटिंगमध्ये फक्त फोरजी ठेव आणि मला साधा कॉल लाव, तोच लागला नाही तर पुढचं विचारूच नकोस, लागला तर एक अडचण कमी, पण ११२ ची खात्री नाही. त्याने लावला, लागला. तरी घरी आईजवळ कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर असलेला फोन चार्ज करून ठेव म्हटलंय, मी पण इथे तसाच एक बॅगेत घेऊन फिरतो.