चार्ट राहू द्या, तिथे उभं राहून ऐकलेल्या माणसांना विचारा

ऑस्ट्रेलियन रॉक म्हटलं की आपल्याकडे एसी/डीसी, फार तर आयएनएक्सएस, आणि विषय संपतो. इथे सिडनीत राहायला लागल्यापासून मला हळूहळू कळत गेलं की या देशाच्या गिटार बँड्सची खरी गोष्ट हिट गाण्यांच्या यादीत सापडतच नाही, ती प्रेक्षकांकडे आहे. म्हणजे जी माणसं घामाघूम होऊन त्या हॉलमध्ये, त्या पबमध्ये, त्या सर्फ क्लबच्या लाकडी फ्लोअरवर उभी होती त्यांच्याकडे, आणि त्यातली सगळ्यात जुनी मंडळी आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून हे आज लिहितेय, थोडं लांबेल.

सुरुवात १९६३ पासून करावी लागते. त्या वर्षी इथे सर्फिंगचं वेड शिगेला होतं आणि सर्फ क्लबांमध्ये स्टॉम्प नावाचा डान्स चालायचा, डावा पाय दोनदा आपटायचा, मग उजवा दोनदा, एवढंच, फार काही शिकावं लागत नव्हतं त्यामुळे सगळेच नाचायचे. सिडनीच्या मरूब्रा किनाऱ्याकडची गायिका लिटल पॅटी तेव्हा चौदा वर्षांची होती, चौदा! आणि तिचं सोनेरी केसांच्या सर्फर मुलावरचं गाणं त्याच वर्षी आलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला मरूब्राच्या स्टॉम्पचंच गाणं. डेन्व्हरमेन नावाच्या बँडचं 'सर्फसाइड' त्याच वर्षीचं, त्यात गाणारा कुणी नाही, नुसती गिटार. रॉब ई. जी. तर स्टील गिटारवर इन्स्ट्रुमेंटल वाजवून हिट देत होता. आपल्यातल्या ज्यांनी विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधे हवाईयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी ऐकलीयत ना, त्यांना तो आवाज पहिल्या दोन सुरांत ओळखीचा वाटेल, नक्की ऐका.

आणि मग अटलांटिक्स. १९६१ च्या आसपास सिडनीत जमलेली पोरं, नाव समुद्रावरून नाही तर अटलांटिक नावाच्या पेट्रोलच्या ब्रँडवरून घेतलेलं. पीटर हूड ड्रमवर, बोस्को बोसानाक बेसवर, जिम स्कियाथिटिस आणि थिओ पेंग्लिस गिटारवर. ही नावं सावकाश वाचा एकदा, हूड सोडला तर ग्रीस आणि बाल्कनच्या बाजूची नावं आहेत. यांनी १९६३ ला 'बॉम्बोरा' काढलं, हूड आणि स्कियाथिटिस यांनी मिळून केलेलं, आणि ते इथे प्रचंड चाललं, परदेशातही रिलीज झालं. बॉम्बोरा म्हणजे किनाऱ्यापासून आत, पाण्याखालच्या खडकावर जिथे मोठी लाट फुटते ती जागा, वरून पाणी शांत दिसतं आणि अचानक उसळतं. ते गाणं ऐकताना ड्रमकडे लक्ष द्या, एका चालीत मागे वाजत राहणारे ड्रम नाहीयेत ते, टॉम-टॉमवर सलग गडगडाट चालू आहे आणि गिटार त्याच्यावरून धावत जाते.

लोक म्हणतात हे सगळं कॅलिफोर्नियाची कॉपी. मला हे अजिबात पटत नाही, आणि मी कुणाशीही यावर वाद घालायला तयार आहे. पहिली गोष्ट, कॅलिफोर्नियातला सर्फ गिटारचा राजा डिक डेल स्वतः लेबनीज बापाचा मुलगा, आणि त्याने गाजवलेलं 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी चाल. म्हणजे मुळातच हे संगीत देशांतर केलेल्या घरांतून आलेलं. दुसरी गोष्ट, इथली पोरं अमेरिकेइतकीच इंग्लंडच्या शॅडोज या गिटार बँडवर वाढलेली, त्यांचं 'अपाचे' १९६० चं, त्यामुळे सूर स्वच्छ, चाल लक्षात राहणारी. (शॅडोजचा गिटारिस्ट हँक मार्विन १९८६ मध्ये पर्थकडे राहायलाच आला हे मला फार आवडतं.) हे दोन्ही एकत्र करून वर आपल्या किनाऱ्याचं पाणी घातलं की जो आवाज होतो तो कॅलिफोर्नियाचा राहत नाही.

गिटार शिकताना मला या आवाजामागचं काम कळलं. पिक एका तारेवर खाली-वर इतक्या वेगाने चालवायचं की सूर तुटता कामा नये, मेंडोलिनवाले करतात तसं, पण जाड तारांवर, आणि उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवून ठेवायची म्हणजे सूर ठक्क ठक्क असा बंद बंद येतो. मनगट घट्ट धरलं की खेळ खलास, अर्ध्या मिनिटात हात भरून येतो. आणि तो ओला ओला आवाज येतो स्प्रिंग रिव्हर्बमधून, अँपमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात, खरोखरच्या स्प्रिंगा लावलेली एक पत्र्याची पेटी असते, गिटारचा सिग्नल त्या स्प्रिंगांतून थरथरत जातो. अँपला चुकून पाय लागला की आतून वीज कडाडल्यासारखा आवाज येतो, घरातले सगळे दचकतात.

आता माणसांकडे येते. आमच्याकडे एका जुन्या रेकॉर्ड्सच्या बाजारात मला एक आजोबा भेटले, ग्रीक घरातले, आईवडील युद्धानंतर इथे आलेले. मी अटलांटिक्सची रेकॉर्ड हातात घेतली तर ते स्वतःहून बोलायला लागले. त्यांनी चालीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, फ्लोअर हलायचा. फळ्या पायाखाली वरखाली व्हायच्या, खिडक्यांच्या काचा वाजायच्या, आणि शाळेत ज्यांच्या आडनावावरून पोरं चिडवायची ते आम्ही सगळे एका बाजूला उभे राहून स्टेजवरच्या आडनावांकडे बघायचो. मला हे ऐकून अंगावर काटा आला. कुठल्या चार्टमध्ये येणार हे? गाण्यात शब्दच नाहीत, तरी त्या पोराला त्यातून काय मिळालं बघा. त्या काळात इथे आपली माणसं जवळपास नव्हतीच, गोऱ्यांशिवाय बाकीच्यांना इथे येऊ न देणारी व्हाइट ऑस्ट्रेलिया पॉलिसी १९७३ ला जाऊन संपली, त्यामुळे आपल्याकडे ही आठवण असणं शक्यच नाही, पण आडनाव नीट उच्चारलं न जाणं काय असतं ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

जून १९६४ मध्ये बीटल्स इथे आले आणि नुसत्या गिटारचे दिवस संपले, प्रत्येक बँडला गाणारा हवा झाला. बिली थॉर्पच्या अझ्टेक्सची सुरुवात सर्फ इन्स्ट्रुमेंटल वाजवणारा बँड म्हणूनच, थॉर्प गायला आला आणि त्याच वर्षी ते 'पॉयझन आयव्ही' घेऊन बीटल्सच्या तोडीला उभे राहिले. अटलांटिक्सने मात्र त्याच १९६४ मध्ये 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' काढलं, गिटारमधून असे आवाज की आजही चमकायला होतं, आणि ते तेव्हा फारसं चाललं नाही. आज चाहते त्यालाच डोक्यावर घेतात. चार्टवर विश्वास ठेवला असता तर ते केव्हाच विसरलं गेलं असतं, ते टिकलं कारण काही लोकांनी ती रेकॉर्ड जपून ठेवली, एकमेकांना कॅसेटवर करून दिली, पोरांना ऐकवली.

लिटल पॅटीचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. ऑगस्ट १९६६ मध्ये ती गायक कॉल जॉय आणि त्याच्या जॉय बॉइज बँडबरोबर व्हिएतनाममध्ये नुई दातच्या तळावर ऑस्ट्रेलियन सैनिकांसमोर गायला गेली होती, सतरा वर्षांची, आणि त्याच दिवशी, १८ ऑगस्टला, जवळच लाँग तानची लढाई सुरू झाली. म्हणजे बीचवर स्टॉम्प करायला लावणारी पोरगी आणि तिची गाणी ऐकत मोठी झालेली, सक्तीची भरती होऊन गेलेली पोरं, दोन्ही तिथे. इथल्या जुन्या सैनिकांना सर्फ म्युझिक विचारलं की काही जण बीचबद्दल नाही बोलत, त्या दिवसाबद्दल बोलतात. आणि एक गोष्ट मला खटकते ती म्हणजे या सगळ्या काळात पोस्टरवर मुलगी होती, गाणारी मुलगी होती, पण गिटार जवळपास सगळीकडे मुलाच्याच हातात. मुलींच्या आठवणी विचारायलाही कुणी जात नाही.

मी विचारल्या. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई, आता रिटायर झाली, ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर नॅराबीनच्या रॉयल अँटलर हॉटेलमध्ये मिडनाइट ऑइल हा बँड ऐकायला जायची. तिच्या तोंडून ऐकलेलं सांगते, दिवसभर पाण्यात, संध्याकाळी तशाच खारट केसांनी पबमध्ये, आत इतकी गर्दी की छताला वाफ धरून खाली थेंब पडायचे, गालिचा बिअरने चिकट झालेला, चप्पल उचलली की चर्र आवाज. मैत्रिणी मैत्रिणी हात धरून एका खांबाजवळ उभ्या राहायच्या कारण पुढे गेलं की पोरांच्या धक्क्यात चेंगरायला व्हायचं. आणि त्यांचा गायक पीटर गॅरेट, तो उंच टकला माणूस, घामाने निथळत. तिला विचारलं कोणतं गाणं आठवतं, म्हणाली गाणी नंतर रेकॉर्डवर पाठ झाली, तेव्हा फक्त दोन गिटार कानाच्या दोन बाजूंना भिडलेल्या आठवतात. त्या गिटार जिम मोगिनी आणि मार्टिन रॉट्सी यांच्या, दोघांचं वाजवणं एकमेकांत असं गुंफलेलं की कोण काय वाजवतंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. टीव्हीवरच्या 'काउंटडाउन' कार्यक्रमात हा बँड जायला नकारच द्यायचा, त्यामुळे ज्यांनी पबमध्ये पाहिलं त्यांनीच पाहिलं.

याच ऑइल्सनी १९८० ला 'बर्ड नॉइजेस' नावाची छोटी रेकॉर्ड काढली, त्यात 'वेडिंग केक आयलंड' नावाचं एक इन्स्ट्रुमेंटल आहे. राजकारणावर एवढं जळजळीत गाणारा बँड, आणि इथे एक शब्द नाही, नुसती सर्फ गिटार. ते बेट कूजी बीचवरून समोर दिसतं, खडकांचा लहानसा ढीग, लाटा आपटून कडेने पांढरा फेस. मी तिथे बसून हेडफोन लावून ते ऐकलंय आणि मला वाटतं १९६३ च्या बॉम्बोराला सतरा वर्षांनी दिलेलं ते उत्तर आहे. हे माझं मत, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण पुढे २०१० मध्ये याच ऑइल्सपैकी तिघांनी, रॉब हर्स्ट, मोगिनी आणि रॉट्सी यांनी, व्हायोलंट फेम्स या अमेरिकन बँडच्या ब्रायन रिचीला घेऊन द ब्रेक नावाचा सरळ सरळ सर्फ रॉक बँड म्हणून अल्बम काढला. आणि त्याच्या आधीच अटलांटिक्स पुन्हा एकत्र येऊन २००० साली नवा अल्बम घेऊन आले होते. म्हणजे धागा कुठेच तुटलेला नाही.

बाकी बँड्सबद्दल थोडक्यात, नाहीतर पोस्ट संपायची नाही. ईझीबीट्स १९६४ मध्ये व्हिलावूडच्या मायग्रंट हॉस्टेलमध्ये जमले, डच आणि ब्रिटिश घरांतली पोरं, त्यातला जॉर्ज यंग म्हणजे एसी/डीसीच्या माल्कम आणि अँगसचा मोठा भाऊ. रेडिओ बर्डमनचा गिटारिस्ट डेनिझ टेक मिशिगनहून येऊन सिडनीत मेडिकल शिकत होता. सनीबॉइजचे ऑक्सली बंधू किंग्सक्लिफच्या किनाऱ्यावरचे, जेरेमी ऑक्सलीला स्किझोफ्रेनियाने गाठलं, बँड १९८४ मध्ये फुटला, आणि २०१२ मध्ये एन्मोर थिएटरमध्ये तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. त्या रात्रीबद्दल बोलताना मी धडधाकट पुरुषांना डोळे पुसताना पाहिलंय, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

काही जण म्हणतात हे सगळं म्हाताऱ्यांचं फुगवून सांगणं आहे, जो तो म्हणतो मी अँटलरला होतो, सगळे खरंच असते तर हॉटेल कोसळलं असतं. मान्य आहे, तारखा चुकतात, कोण आधी वाजलं ते चुकतं. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं जेव्हा तोच चिकट गालिचा, तीच छताची वाफ, तोच हलणारा फ्लोअर सांगतात तेव्हा ते खोटं कसं असेल? आणि रेकॉर्डिंगमध्ये हे येतच नाही. त्या जागाही राहिल्या नाहीत. डिसेंबर १९८२ पासून इथे रस्त्यात कुठेही थांबवून दारू तपासायला लागले, लांबून गाडी चालवत पबला येणं कमी झालं, मग १९९७ पासून न्यू साउथ वेल्सच्या पबमध्ये पोकर मशीन, म्हणजे पैसे टाकून जुगार खेळायची यंत्रं आली, जिथे बँड उभा राहायचा तिथे मशीन लागली कारण मशीन जास्त पैसे देते आणि शेजारी तक्रार करत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो.

आपल्याकडेही हेच झालंय बरं का. साठच्या दशकात मुंबईत गोव्याकडच्या आणि इतर घरांतल्या पोरांनी शॅडोज आणि अमेरिकेचा व्हेंचर्स हा गिटार बँड ऐकूनच गिटार उचलल्या, बीट ग्रुप काढले, सिम्ला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्ड्स राहिल्या म्हणून थोडंफार हाती लागतं. बाकीचं त्या वाजवणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आहे, वांद्र्यात, माझगावात, म्हापशात कुठेतरी.

तर सिडनी-मेलबर्नमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेल्या आपल्या काका-मावश्यांना माझी खरी विनंती आहे, तुमच्यापैकी कुणी ऑफिसातल्या मित्रांबरोबर एखाद्या पबमध्ये असा बँड ऐकला असेल तर खाली लिहा, कुठला पब होता, कोण बरोबर होतं, परत घरी कसे गेलात, सगळं. आणि मुंबई-गोव्यातल्या कुणाचे वडील, मामा, शेजारचे अंकल बीट ग्रुपमध्ये वाजवायचे असतील तर मोबाइल समोर ठेवून या रविवारी त्यांना बोलतं करा. पहिला प्रश्न गाण्याचा विचारू नका, कोणती गिटार होती आणि ती कुठून मिळवली होती ते विचारा, तासभर थांबणार नाहीत.