जागच्या जागी ठेवा म्हणे!

"सगळं जागच्या जागी ठेवत जा, म्हणजे पसारा होणार नाही." घरी सुतारकाम करणाऱ्याला हा सल्ला ज्याने-त्याने देऊन झालेला असतो. सोबत एका चकाचक भिंतीचा फोटो. पटाश्या उतरत्या क्रमाने, रंधे एका रांगेत, जमिनीवर भुशाचा कण नाही. त्या खोलीत शेवटचं लाकूड कधी कापलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. डोकं फिरतं ते यासाठी की पसारा दिसला की माणूस आळशी ठरवला जातो. पसारा बहुतेक वेळा होतो तो ठेवायची जागाच चुकीची बनवलेली असते म्हणून.

एका हाताने, न बघता वस्तू परत ठेवता येत नसेल तर ती बेंचवरच राहणार. गोंद लावला की पाच-दहा मिनिटांत जोड जुळवून क्लॅम्प आवळावे लागतात. एक हात क्लॅम्पवर, दुसरा गोंदाने बरबटलेला. अशा वेळी वरचे दोन डबे उतरवून, तिसऱ्याचं झाकण उघडून त्यात गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) कोण ठेवणार? तरी एकावर एक रचायचे झाकणवाले डबेच सगळ्यांच्या गळ्यात मारले जातात. ते डबे सामान गाडीत घालून दुसरीकडे नेणाऱ्यासाठी ठीक आहेत. रोज हाताळायच्या हत्याराला झाकण नको, दार नको, आणि त्याच्या पुढ्यात दुसरं हत्यारही नको.

हत्यारं हुकांवर टांगायचा तो भोकांचा बोर्डसुद्धा तसाच. 3 मिलिमीटरचा पातळ बोर्ड लावायचा, हातोडी उचलायची की हूक हातोडीबरोबर निघून येतो आणि भुशात हरवतो. लावायचाच तर 6 मिलिमीटरचा लावा, मागे 20 मिलिमीटरच्या पट्ट्या द्या म्हणजे हूक आत शिरायला पोकळी राहील, आणि प्रत्येक हूक स्क्रूने किंवा क्लिपने अडकवा. त्यापेक्षा 45 अंशांत चिरलेली 18 मिलिमीटर प्लायची पट्टी शंभर पटींनी बरी. एक अर्धी भिंतीवर, तिची तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरी अर्धी उलटी करून हत्याराच्या खोक्यामागे. वजन वाढलं तशी पकड घट्ट होते, आणि उद्या जागा बदलायची झाली तर खोकं उचलून दुसरीकडे टांगता येतं. फक्त भिंतीवरची पट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये ठोकू नका. विटेत प्लग बसला पाहिजे, नाहीतर सगळं धडाधड खाली.

पटाश्या ड्रॉवरमध्ये टाकणाऱ्यांना तर हात जोडावेत. तासभर दगडावर घासून आणलेली धार, आणि ड्रॉवर एकदा ओढला की पाती एकमेकांवर आपटून तिला दाते पडतात. एका फळीला पात्यापेक्षा 2 मिलिमीटरने रुंद खाचा पाडा, खाचेचं तोंड पुढून उघडं ठेवा म्हणजे पटाशी पूर्ण वर उचलावी लागणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे.

स्क्रूच्या सरमिसळ बरण्या! "नंतर निवडू" म्हणून 25, 30 आणि 40 चे स्क्रू एकाच बरणीत. 18 मिलिमीटरच्या दोन प्लाय जोडल्या की जाडी होते 36. घाईत हाताला 40 चा लागला की टोक पलीकडून बाहेर, पॉलिश झालेल्या बाजूने. काम संपल्यावर उरलेले दहा स्क्रू त्यांच्याच डब्यात टाकायला अर्धा मिनिट लागतो, निवडत बसायला अख्खी दुपार जाते.

आता तुकडे. या उरलेल्या तुकड्यांइतकी जागा खोलीत दुसरं काहीच खात नाही. "कधीतरी लागेल" या दोन शब्दांनी अर्धी खोली बळकावलेली असते. लागतो म्हणा एखादा तुकडा, पण तो ढिगाच्या तळाशी असतो, सापडत नाही, आणि शेवटी नवीन फळीच कापली जाते. मग तो ढीग ठेवून मिळवलं काय? हद्द ठरवा आणि पाळा: प्लायचा 150 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा गेला, साध्या लाकडाचा 300 पेक्षा आखूड गेला. सागवान-शिसवीसारख्या लाकडाला सूट द्या, पण त्यालाही एकच खोकं. भरलं की नवीन ठेवण्याआधी जुना काढायचा. जे ठेवाल त्याच्या टोकावर लाकडाचं नाव आणि जाडी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी सगळंच करडं दिसतं. आणि प्लायचे मोठे तुकडे भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका हो! आपल्याच वजनाने ते धनुष्यासारखे वाकतात. सरळ उभे दाबून ठेवा, नाहीतर आडवे. आडव्या फळ्यांना 400 ते 600 मिलिमीटरवर आधार हवा, पातळ फळीला जवळ.

पण खरा राग आहे तो भुशाच्या पाइपवर. सँडरचं (घासायच्या मशीनचं) तोंड एका मापाचं, राउटरचं (लाकडात खाचा पाडायच्या मशीनचं) दुसऱ्या, करवतीचं तिसऱ्या, आणि व्हॅक्यूमचा पाइप या कशालाच बसत नाही. 27, 32, 35, 38, 63, 100 मिलिमीटर. ही काय मापं आहेत? एकाच कंपनीच्या दोन मशिनांची तोंडंसुद्धा कित्येकदा जुळत नाहीत. मग रबर, टेप, कापलेली बाटली असले जुगाड, आणि त्यातून हवा गळते ती गळतेच. बरं, बारीक करून जोडायचा तर 100 चा पाइप 63 वर आणला की आतलं क्षेत्रफळ 40 टक्क्यांवर येतं. वर नागमोडी होज पाच मीटर लांब टाकला की ओढ संपली. होज जमेल तेवढा आखूड ठेवा, काटकोनी वळणं टाळा, आणि व्हॅक्यूमच्या आधी एक सायक्लोन-बादली (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारी) बसवा, म्हणजे भुसा बादलीत पडेल आणि फिल्टर चोंदणार नाही. टेबल सॉला (टेबलात बसवलेल्या गोल करवतीला) फक्त खालून ओढ देऊन भागत नाही. पात्याचे दाते भुसा वर आणून तोंडावर फेकतात, तिथे पात्यावरच्या गार्डलाही पाइप जोडायचं तोंड हवं.

आणि हे नुसतं टापटिपीपुरतं नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये पहिल्या गटात टाकून सांगितलंय. डोळ्यांना दिसतो तो भुसा जमिनीवर बसतो. दिसत नाही ती धूळ तासन् तास हवेत तरंगते. तरी लोक मशीन बंद झालं की पहिल्यांदा मास्क काढतात आणि मग झाडू घेतात! झाडूने ती परत हवेत जाते. कॉम्प्रेसरने हवा मारून बेंच "साफ" करणारे तर कहरच करतात. व्हॅक्यूमनेच ओढा, मास्क ठेवून.

तेलाची फडकी भुशाच्या डब्यात टाकणाऱ्यांवर आवाज चढवला तर चढवू द्या. जवसाचं तेल हवेत वाळताना उष्णता सोडतं. फडकं चुरगाळून ढिगात कोंबलं की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि ते कुणी काडी न लावता पेटतं. "आवरून टाका" म्हणणारे हे का सांगत नाहीत? फडकी उघड्यावर एकेक पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा. जागा नसेल तर पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. रात्री खोली बंद करताना भुशाच्या डब्यात तेलाने ओलं फडकं नाही ना, ते आधी बघा. बेंच सकाळी आवरता येईल.