दुष्काळात तेरावा रिचार्ज

आमच्या घरात रेंज गॅलरीत येते. गॅलरीत म्हणजे सगळ्या गॅलरीत नाही. वॉशिंग मशीन आणि तुळशीची कुंडी यांच्या मधे जी दीड फरशी उरते, तिथे. त्यातही ग्रिलकडे तोंड करून, फोन डाव्या कानाला लावून आणि गुडघ्यात किंचित वाकून बोललं, तर समोरच्याला निम्मं ऐकू जातं. फोन वाजला की मी हातातला घास ताटात टाकून तिकडे धावतो आणि आवाज तुटायला लागला की तुळशीभोवती फिरत राहतो. समोरच्या विंगमधल्या आजी मध्यंतरी बायकोला म्हणाल्या, "मिस्टर फार धार्मिक आहेत हो तुमचे. रात्री अकराला पण प्रदक्षिणा घालतात."

घरात माणसं चार आणि मोबाइल कंपन्या तीन. कंपन्यांची नावं घेत नाही. लग्नात उखाणा घेतानाही माझी दातखीळ बसली होती, आणि इथे तर माझा आधार क्रमांक त्यांच्याकडे आहे. सोयीसाठी थोरली, मधली आणि धाकटी म्हणू. हा क्रम त्यांच्या वयाचा किंवा मानाचा नाही. ज्या क्रमाने त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या त्या क्रमाचा आहे. मी आणि आई थोरलीकडे, बायको मधलीकडे, चिरंजीव धाकटीकडे. प्रत्येकाला खात्री आहे की रेंज असते ती दुसऱ्याच्या कंपनीला.

तरी एवढी वर्षं आम्ही निभावून नेलं. ठिणगी पडली ती गणपतीच्या तिकिटांवरून. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांच्या गाड्या तर चहा गाळून होईपर्यंत भरतात. मी साडेसातपासून लॅपटॉपसमोर आंघोळ करून बसलो होतो. पनवेल ते कणकवली, चार बर्थ, सगळ्यांची नावं-वयं भरून तयार. पैसे भरायची वेळ आली आणि बँकेने सांगितलं, ओटीपी पाठवलाय. पाठवला असेलच. पण लॅपटॉप हॉलमध्ये, रेंज तुळशीपाशी. चिरंजीव माझा फोन घेऊन गॅलरीत पळाला. आई देवापुढची घंटा थांबवून उभी राहिली. "आला का?" "नाही." "आला का?" "नाही!" "आला! चार, सात..." आणि इकडे स्क्रीनवर वेळ संपली. दुसऱ्या खेपेला ओटीपी वेळेत आला, तोवर वेटिंग लिस्ट दोनशेच्या पुढे गेली होती.

त्या दिवशी मी ठरवलं, आता भावनेच्या आहारी जायचं नाही. शास्त्रशुद्ध तुलना करायची. एक्सेलची शीट उघडली. उभ्या रकान्यात कंपन्या. आडव्यात रेंज, वेग, रोजचा डेटा, व्हॅलिडिटी, कस्टमर केअर आणि "इतर". "इतर" हा रकाना का काढला ते तेव्हा माहीत नव्हतं. पुढे सगळी शीट त्यातच मावली.

रेंज मोजायची म्हणजे पडद्यावरच्या काड्या मोजायच्या असं मी समजत होतो. चिरंजिवांनी अज्ञान दूर केलं. काड्या किती दाखवायच्या ते फोन बनवणारा ठरवतो. त्याला काही एकच माप नाही. खरी रेंज फोनच्या सेटिंगमध्ये खोल कुठेतरी डीबीएम नावाच्या मापात लिहिलेली असते आणि ती उणे असते. उणे 80 म्हणजे छान, उणे 115 म्हणजे राम म्हणा. म्हणजे पास कुणीच नाही, कोण किती कमी नापास झालं त्यावर पहिला नंबर. हे गणित मला एकदम जवळचं वाटलं.

तिघींचे फोन पिशवीत घालून मी सोसायटीभर हिंडलो. लिफ्टमध्ये तिघीही गप्प. जिन्यात मधली जरा बोलायची. पार्किंगमध्ये धाकटी ठणठणीत, पण पार्किंगमध्ये राहायला जाणार कोण? वॉचमनने मला दोनदा हटकलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "साहेब, टॉवर बसवताय काय?" हे शब्द कमिटीच्या एका सभासदाने ऐकले आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दारात शिष्टमंडळ हजर. आमच्या सोसायटीचं टॉवरबद्दलचं धोरण स्वच्छ आहे. रेंज प्रत्येकाला घरात, पूर्ण, फाइव्ह-जी हवी. टॉवर मात्र आमच्या गच्चीवर नको, रेडिएशन असतं. तो शेजारच्या सोसायटीवर बसवावा. शेजारच्या सोसायटीचं धोरणही अगदी हेच आहे. फक्त त्यांची शेजारची सोसायटी आम्ही.

आता यात सगळा दोष कंपन्यांचाही नाही, हे मला पुढच्या वाचनात कळलं. खालच्या, म्हणजे 700 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या, लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. फाइव्ह-जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी वेगाने भरपूर माल आणतात, पण काँक्रीटची भिंत दिसली की त्यांचे पाय जड होतात. खालची लहर म्हणजे गावाकडचा काका. बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरात. वरची लहर म्हणजे बायकोच्या ऑफिसातले साहेब. भारी गाडीतून येणार, पण दारातूनच "नको नको, पुन्हा कधीतरी" म्हणून परत. आमच्या बिल्डरने फ्लॅट विकताना "वीट नाही, सगळ्या भिंती आरसीसी" म्हणून अभिमानाने भिंत ठोकून दाखवली होती. मीही मान डोलावून वर जास्तीचे पैसे दिले होते. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं. आमच्या दिवाणखान्यात अजून व्हायचंय.

मग वेग. वेग मोजायला ॲप असतं आणि त्यातला काटा असा झपकन वर जातो की पाहून छाती फुलते. तीन कंपन्या, घरातल्या पाच जागा, सकाळ-दुपार-संध्याकाळ असा मी कार्यक्रम आखला. पहिल्याच दिवशी, दुपारचे बारा वाजायच्या आत, माझा दीड जीबी डेटा संपला. कारण वेग मोजायचा तर ॲप खरोखरचा डेटा ओढून बघतं. वेग जितका जास्त तितका डेटा जास्त. पार्किंगमध्ये फाइव्ह-जीवर केलेली एक चाचणी काही शे एमबी गिळून बसली. तांदूळ मोजता मोजता भाताला तांदूळ उरू नये तसं झालं. पुढे रात्री बारापर्यंत वेग 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 64 किलोबीट. वर बीट आणि बाइटचा घोळ आहेच. कंपनी वेग सांगते बीटमध्ये, आपण फोटो मोजतो बाइटमध्ये आणि एका बाइटमध्ये आठ बीट. म्हणजे मावशीचा 3 एमबीचा "शुभ सकाळ" उतरायला सव्वासहा मिनिटं. फूल आलं, मग दव आलं, मग सूर्य आला आणि सुविचार येईपर्यंत माझा विचार बदलला होता.

व्हॅलिडिटीचा रकाना आईने भरला. आई दुधाचा, पेपरचा आणि गॅसचा हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठेवते. त्यातच तिने गेल्या वर्षभर माझ्या रिचार्जच्या तारखेला लाल गोल केला होता. एक दिवस चष्मा लावून तिने पानं उलटली आणि म्हणाली, "अरे, वर्षाचे महिने बारा आणि तुझे गोल तेरा कसे?"

अठ्ठावीस दिवसांचा महिना, हे मला ठाऊक होतं. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट, हे मी कधी केलंच नव्हतं.

"म्हणजे हा अधिक मास झाला," आई म्हणाली. "पण आपल्याकडे तो तीन वर्षांतून एकदा येतो रे. 2023 ला अधिक श्रावण आला, तेव्हा जावईबापूंना बोलावून तेहतीस अनारसे दिले. हे जावई दरवर्षी येतात, आणि अनारसेसुद्धा आगाऊ घेतात!"

मग शोधाशोध करता सापडलं की 2022 च्या जानेवारीतच ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बजावलं होतं, निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा की दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज होईल. मी तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा एका हाताने मोबाइलला काच चिकटवत दुसऱ्या हाताने यादी सरकवत राहिला. सरकवत राहिला, सरकवत राहिला. "आहे ना, आहे," तो म्हणाला, "पण काका, तो कोणी घेत नाही." कोणी घेत नाही कारण कोणाला दिसत नाही, हे मी त्याला सांगणार होतो. पण तेवढ्यात काचेखाली बुडबुडा राहिला आणि त्याचं लक्ष उडालं.

याच दुकानात मला सर्कल कळलं. सर्कल म्हणजे टेलिफोनवाल्यांचा नकाशा, आणि तो शाळेतल्या नकाशाशी जुळत नाही. त्यांच्या महाराष्ट्रात गोवा आहे आणि मुंबई नाही! मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण हे वेगळं सर्कल. आपण लढून 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र मिळवला. गोव्याने 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला स्वच्छ नकार दिला. टेलिफोन खात्याने दोन्ही निकाल फिरवले आणि कुठे मोर्चा निघाला नाही, एसटी फुटली नाही. याची नोंद मी "इतर" मध्ये केली.

मध्यंतरी, तिकिटांचं जे झालं ते झालं, आम्ही गाडी करून गावाला जाऊन आलो. तिथे घराच्या भिंती हातभर जाडीच्या जांभ्या दगडाच्या. आत तिघीही मुक्या. माझी एक्सेल शीट तिथे चालेना. मी अंगणात फोन उंचावून हिंडतोय ते पाहून काकाने हाक मारली, "अरे, थंय कित्याक फिरतंस? हय गडग्यार ये. हय दोन काड्यो येतत." गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, आधीच सात-आठ जण कबुतरांसारखे ओळीने बसले होते. एक पोरगी परीक्षेचा फॉर्म भरत होती, एक जण मुंबईला भावाशी जमिनीवरून भांडत होता आणि उरलेले ते भांडण ऐकत होते. काकाच्या खिशात बीएसएनएलचं जुनं सिम; तो घरातूनसुद्धा बोलायचा. "तुलना केलंस मां?" तो म्हणाला, "मगे हयच बस."

पुण्याला परतल्यावर मी निर्णय घेतला. थोरलीला सोडायचं, धाकटीकडे जायचं. धाकटीचं नाव शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. त्यांच्या गॅलरीत ते आरामखुर्चीत बसून, पाय वर घेऊन, अमेरिकेतल्या मुलीशी तासभर व्हिडिओवर बोलतात हे मी ग्रिलमधून वर्षभर पाहत आलो होतो. 1900 वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, एसएमएस केला. आठ अक्षरांचा कोड आला. चार दिवसांत वापरायचा, नाहीतर बाद.

आणि काय सांगू, जिच्या कस्टमर केअरला मी पंचवीस-पंचवीस मिनिटं सनई ऐकत बसायचो, त्या थोरलीचा स्वतःहून फोन आला. दिवसातून तीनदा. "सर, आमच्याकडून काही चुकलं का?" आवाजात इतकी माया की मला सासर सोडून निघाल्यासारखं वाटलं. "सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे." आठ वर्षं मी कोण होतो? पण ऑफर नीट ऐकायच्या आतच आवाज तुटायला लागला. मी तुळशीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. "सर, आपला आवाज येत नाही," ती म्हणाली आणि फोन कटला. मन बदलायची तिची एकुलती एक संधी तिच्याच रेंजने घालवली.

तीन दिवसांनी नवं सिम सुरू झालं. मी हळद-कुंकू वाहायचं बाकी ठेवून तुळशीपाशी उभा राहिलो. काडी नाही. हॉलमध्ये नाही, बेडरूममध्ये नाही, ओट्यापाशी क्षणभर एक आली आणि फ्रिज उघडताच गेली. शेवटी शेजारच्या काकांना सांगायला त्यांच्या घरी गेलो, आणि त्यांच्या गॅलरीत पाऊल टाकताच खिशात अकरा मेसेज एकदम वाजले. रेंज कंपनीची नव्हतीच. त्या आरामखुर्चीची होती.

काका मात्र खुर्चीत नव्हते. ते अवघडून उभे होते. "एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "तुम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत फोनवर बोलत फिरताना दिसता ना, मला वाटलं तुमच्या कंपनीला चांगली रेंज असणार. मी परवाच थोरलीकडे पोर्ट केलं."

इनकमिंगलाही पैसे पडायचे त्या काळात, 2003 च्या आधी, आमची मित्रांची मिस्ड कॉलची लिपी होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आता अमर्यादित कॉलिंगच्या जमान्यात काकांनी आणि मी ती पुन्हा सुरू केली आहे. आपापल्या घरात बोलण्याइतकी रेंज नसली तरी रिंग कधीतरी वाजते. एक रिंग म्हणजे मी तुमच्या खुर्चीत येतोय, दोन म्हणजे तुम्ही आमच्या तुळशीपाशी या. समोरच्या आजींना आता काकाही धार्मिक वाटतात.

"परत बदलून टाक की," बायको म्हणाली. पण एकदा पोर्ट केलं की नव्वद दिवस त्याच घरी नांदावं लागतं. आईने कालनिर्णय उतरवून मांडीवर घेतलं आणि बोटाने मोजायला लागली.

"तीन रिचार्जचे चौऱ्याऐंशी दिवस," ती म्हणाली. "वरच्या सहा दिवसांसाठी चौथा करावा लागणार तुला." आणि तिने लाल पेन मागितलं.